ओळखा पाहू, मी कोण?

श्रोते हो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गडकिल्ले, लढाया आणि तहनामे उभे राहतात. आज मात्र मी तुम्हांला एका खेळाचा इतिहास सांगणार आहे. खेळ अगदी साधा. त्याला पट लागत नाही, सोंगट्या लागत नाहीत, विटी-दांडूसुद्धा लागत नाही. एकाने मनात कोणा प्रसिद्ध माणसाचे नाव धरायचे आणि बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे. त्याने फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणायचे. ठरलेल्या प्रश्नांत नाव निघाले तर विचारणारे जिंकले, नाही तर नाव धरणारा जिंकला. इंग्रजीत प्रश्नांची संख्या वीस ठरून गेली, म्हणून तिकडे या खेळाला ‘वीस प्रश्न’ म्हणतात.

तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय? आपल्याकडे कोड्यांना आणि उखाण्यांना काय तोटा आहे! कोकणात आणि गोव्यात तर हुमाणे घालण्यात रात्री सरत. खरे आहे. पण थोडा विचार करून पाहा. कोडे घालतो कोण? ज्याला उत्तर ठाऊक आहे तो. यक्षाने युधिष्ठिराला विचारले, तेही असेच. आणि आम्ही मास्तर लोक वर्गात दुसरे काय करतो? ज्याचे उत्तर आम्हांला पाठ आहे तेच मुलांना विचारतो. या खेळात सगळे उलटे आहे. इथे ज्याला ठाऊक नाही तो विचारतो, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला तोंड आवरून बसावे लागते.

या खेळाची एक जुनी आणि खात्रीची नोंद लंडनमधली आहे. रिचर्ड रश नावाचे अमेरिकेचे वकील १८१७ ते १८२५ या काळात तिथे होते. त्यांनी आपल्या आठवणींत एका मेजवानीची हकिगत लिहून ठेवली आहे. त्या रात्री प्रश्न विचारायला बसले होते जॉर्ज कॅनिंग, म्हणजे १८२२ पासूनचे इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री. हिंदुस्थानात १८५७ साली गव्हर्नर जनरल होता त्या कॅनिंगचे हे वडील. स्वतः त्यांचीही त्या जागी नेमणूक झाली होती, पण ते आलेच नाहीत. तर हे कॅनिंगसाहेब एकेक प्रश्न टाकू लागले. वस्तू प्राण्यांपैकी की वनस्पतींपैकी? वनस्पतींपैकी. खाजगी वापराची की सार्वजनिक? सार्वजनिक. राज्याभिषेकाला लागते का? लागते. असे करता करता त्यांनी ओळखले, की ही लॉर्ड हाय स्टुअर्ड या मानकऱ्याच्या हातातली काठी! आपल्याकडच्या चोपदाराची काठी असते ना, तशातली ती. सगळ्या दुनियेतून नेमकी एक काठी शोधून काढायची, आणि तीसुद्धा जागेवरून न उठता! मंडळींना या गोष्टीचे मोठे नवल वाटले.

‘प्राणी, वनस्पती की खनिज?’ हा पहिला प्रश्न पुढे या खेळात रूढच झाला. त्याचे मूळ आहे स्वीडनच्या कार्ल लिनियसकडे. त्याने १७३५ साली ‘सिस्टेमा नॅच्युरे’ या नावाचे अवघ्या दहा-बारा मोठ्या पानांचे पुस्तक छापले आणि सृष्टीचे असे तीन भाग पाडले. शास्त्रज्ञांनी केलेली वाटणी दिवाणखान्यातल्या खेळात अशी येऊन बसली.

वस्तूवरून हा खेळ माणसावर केव्हा आला, ते नेमके साल सांगता यायचे नाही. पण १८४३ साली चार्ल्स डिकन्सने नाताळची जी प्रसिद्ध गोष्ट लिहिली, तिच्यात तो माणसावर आलेला दिसतो. त्यातला भाचा पाहुण्यांना म्हणतो, मी मनात एक गोष्ट धरली आहे, ओळखा. पाहुणे विचारत सुटतात. उत्तरे मिळतात ती अशी, की एक प्राणी आहे, जिवंत आहे, अंगावर येतो, गुरगुरतो, लंडनमध्ये राहतो, रस्त्यातून फिरतो. घोडा नव्हे, गाढव नव्हे, बैल नव्हे, कुत्रा नव्हे. शेवटी एक मुलगी हसत ओरडते, अहो, हा तर तुमचा मामा! कंजूष म्हणून गाजलेला तो स्क्रूज. आता पाहा, हा स्क्रूज काही राजा नव्हता की सेनापती नव्हता. पण त्या खोलीतल्या सगळ्यांना तो माहीत होता. खेळाला एवढे पुरले. ही गोष्ट ध्यानात असू द्या, पुढे तिची आठवण काढायची आहे.

हंगेरीत या खेळाचे नाव आहे ‘बार कोखबा’. हा यहुदी लोकांचा एक पुढारी. त्याने इसवी सन १३२ ते १३५ या काळात रोमन साम्राज्याविरुद्ध बंड केले. हंगेरियन लोक त्याची एक कथा सांगतात. रोमन छावणीत पाठवलेला त्याचा हेर परत आला तो जीभ आणि हात तोडलेल्या अवस्थेत. बोलता येईना, लिहिता येईना. तेव्हा बार कोखबाने त्याला एकामागून एक असे प्रश्न विचारले, की ज्यांना नुसती मान हलवून उत्तर देता येईल. आणि हवी ती सारी माहिती काढून घेतली. कथा खरी की खोटी, कोण जाणे. पण खेळाचे मर्म तिच्यात पुरते आले आहे. सांगणारा मुका असला तर विचारणाऱ्याची अक्कल पणाला लागते.

विसाव्या शतकात हा खेळ रेडिओवर आला. अमेरिकेत फ्रेड व्हॅन डेव्हेंटर नावाचे बातम्या सांगणारे गृहस्थ होते. त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर मुलाबाळांत हा खेळ चालत असे. १९४६ साली त्यांनी तो उचलून तसाच रेडिओवर नेला. खेळायला कोण? ते स्वतः, त्यांची बायको आणि त्यांची मुले! विषय श्रोते पाठवत. पुढच्याच वर्षी, १९४७ साली, बी.बी.सी.ने तो लंडनहून सुरू केला, आणि तिथे तो १९७६ पर्यंत चालला. रिचर्ड डिंबलबी, जॅक ट्रेन, अनोना विन ही मंडळी प्रश्न विचारायला बसत. त्यात एक युक्ती केलेली होती. एक ‘गूढ आवाज’ हळूच येऊन घरच्या श्रोत्यांना उत्तर सांगून जाई. खेळणाऱ्यांना ते ऐकू जात नसे. नॉर्मन हॅकफर्थ या गृहस्थांचा तो आवाज पुढे इतका ओळखीचा झाला, की लोक त्याची वाट पाहत.

असे उत्तर आधी फोडल्यावर गंमत ती काय राहिली, असे कुणाला वाटेल. पण गंमत तिथेच होती. उत्तर मला ठाऊक आहे आणि समोरचा विद्वान चाचपडतो आहे, हे ऐकताना घरबसल्या माणसाला वाटायचे, अरे, आता विचार ना ते, अगदी जवळ आलास! चांगला प्रश्न कोणता आणि वाया गेलेला कोणता, हे त्याला कुणी न शिकवता कळू लागायचे. नुसत्या आवाजावर चालणारा याहून चांगला खेळ रेडिओला दुसरा मिळाला नसता.

आता थोडे गणित. भिऊ नका, बेरजेपलीकडचे काही नाही. तुम्ही मनात एक ते हजारपर्यंतचा कोणताही आकडा धरा. मी विचारतो, पाचशेच्या वर आहे का? तुम्ही काहीही म्हणा, माझे अर्धे आकडे एका झटक्यात गेले. राहिले पाचशे. पुन्हा अर्धे करतो, अडीचशे. मग सव्वाशे, मग फार तर त्रेसष्ट, बत्तीस, सोळा, आठ, चार, दोन आणि एक. दहा प्रश्नांत तुमचा आकडा माझ्या हातात. आणि वीस प्रश्न असले तर? १०,४८,५७६ गोष्टींतून एक काढता येते. कॅनिंगसाहेबांची काठी सापडली ती जादूने नव्हे. मात्र एक अट आहे. प्रत्येक प्रश्नाने उरलेल्यांचे बरोबर दोन वाटे पडले पाहिजेत. ‘तो आकडा सातशे बारा आहे का?’ असे विचारत बसाल तर दिवस मावळेल.

अमेरिकेतल्या क्लॉड शॅनन या गणितज्ञाने १९४८ साली याच विचारावर एक शास्त्र उभे केले. दोन्ही उत्तरे सारखीच संभवत असतील, तर एका ‘होय-नाही’मधून जेवढी माहिती मिळते, तिला ‘बिट’ असे नाव मिळाले. आजचे संगणक आणि टेलिफोन त्याच मापाने माहिती मोजतात. आणि याचाच दुसरा अर्थ असा, की ज्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठाऊक आहे, त्यातून मिळणारी माहिती शून्य.

खोटे बोलणाऱ्याचाही हिशोब झालेला आहे. हंगेरीचे आल्फ्रेड रेन्यी आणि पोलंडमधून अमेरिकेत गेलेले स्टॅनिस्लॉ उलाम, या दोघा गणितज्ञांना प्रश्न पडला, की उत्तर देणारा एखादे वेळी खोटे बोलला तर? दहा लाखांतून एक आकडा शोधायचा आहे आणि समोरचा एकदा खोटे बोलू शकतो. १९८७ साली सिद्ध झाले, की अशा वेळी पंचवीस प्रश्न पुरतात. म्हणजे एका खोट्याच्या शक्यतेपायी पाच प्रश्न जादा. मी हे एकदा ग्रामपंचायतीच्या बैठकीनंतर ओट्यावर सांगितले, तर एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, गुरुजी, पाचच? स्वस्तात पडलं म्हणायचं.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता माझ्या शाळेतली हकिगत सांगतो. शाळा डोंगराच्या कुशीतली, पत्र्याची. पाऊस जोराचा लागला की पत्र्यावर असा काही आवाज व्हायचा, की शिकवणे बंद ठेवावे लागे. अशा एका दुपारी मी सातवीच्या मुलांना हा खेळ शिकवला. आपले बोलणे कुणाला ऐकू न गेले तरी ‘होय’ला मान डोलावता येते आणि ‘नाही’ला हलवता येते. बार कोखबाचा हेर मीच झालो म्हणा ना! इतिहासातल्या वीस व्यक्तींची नावे चिठ्ठ्यांवर लिहून मी डब्यात टाकली. एकाने चिठ्ठी उचलायची, बाकीच्यांनी ओळखायचे. वीसच नावे, म्हणून प्रश्न फक्त सहा दिले. आताच केलेल्या हिशोबाने पाच पुरायला हवेत. एक चुकीसाठी.

मुले दोन-चार दिवसांत तरबेज झाली. ‘राजा होता का?’, ‘इंग्रज आल्यानंतरचा का?’, ‘लढाईत मेला का?’ असे वाटे पाडू लागली. एक मुलगी मात्र आपली पाळी आली की पहिला प्रश्न एकच विचारायची, ‘बाई आहे का?’ आणि उत्तर यायचे, नाही. पुन्हा पाळी आली की पुन्हा तेच. पोरे वैतागली. एक जण माझ्याकडे तक्रार घेऊन आला, ‘गुरुजी, ही आमचा एक प्रश्न दर वेळी फुकट घालवतेय.’ मीही तिला समजावले, बाळ, अर्धे होतील असा प्रश्न विचारावा. ती म्हणाली, ‘बायका अर्ध्याच असतात की, गुरुजी.’

त्या रात्री मी डबा उघडून चिठ्ठ्या मोजल्या. शिवाजी महाराज, संभाजी महाराज, तानाजी, बाजी प्रभू, पहिले बाजीराव, नाना फडणवीस, टिळक, गोखले, आगरकर, शाहू महाराज, डॉ. आंबेडकर, गांधीजी. जोतीराव फुले होते, सावित्रीबाई नव्हत्या. शिवाजी महाराज होते, जिजाबाई नव्हत्या. वीस नावांत बाई एकच, झाशीची राणी, आणि तिची चिठ्ठी अजून कुणाच्या हाती लागली नव्हती. शॅननच्या मापाने हिशोब केला, तर त्या मुलीच्या प्रश्नातून निघणारी माहिती पाव बिटाहून जेमतेम थोडी अधिक होती. प्रश्न निम्म्या माणसांना कापणारा होता. माझ्या डब्यात तो बोथट झाला होता. चिठ्ठ्या मी स्वतः लिहिल्या होत्या, पुस्तकाकडे न बघता, सहज आठवतील तशा. त्यामुळे पाठ्यपुस्तकावर खापर फोडायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना सांगितले, घरी विचारा, वाचनालयात विचारा, बायकांची नावे आणा. नाव आणायचे ते कामासकट. आठवड्यात डबा भरला. अहिल्याबाई होळकर आल्या, १७२५ ते १७९५. सावित्रीबाई आल्या, त्यांनी आणि जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात काढलेल्या मुलींच्या शाळेसह. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आणि पुढच्याच वर्षी गेलेल्या आनंदीबाई जोशी आल्या. बहिणाबाई चौधरींचे नाव एका पोराच्या आजीने सांगितले. खानदेशातल्या या शेतकरणीला लिहिता-वाचता येत नव्हते. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांच्या कविता छापून आल्या, हे मी त्यात भर घालून सांगितले.

आणि एका चिठ्ठीवर निघाले आमच्या गावच्या सुईणीचे नाव! पोरांत वाद पेटला. ही कसली प्रसिद्ध? हिचे नाव पुस्तकात कुठे आहे? न्यायनिवाड्याला मी. मला डिकन्सच्या गोष्टीतला तो मामा आठवला. मी म्हटले, वर्गात हिला न ओळखणारे कोण आहे, हात वर करा. एकही हात वर झाला नाही. निम्म्याहून अधिक पोरे तिच्याच हातून जन्मलेली. तिची चिठ्ठी डब्यात राहिली.

मुले इतकी तयार झाल्यावर मी त्यांना या खेळाचा अवघड प्रकार शिकवला. पाश्चात्त्य देशांत त्याला ‘बॉटिचेली’ म्हणतात. पंधराव्या शतकातल्या इटलीच्या एका चित्रकाराचे हे नाव. मनात धरलेला माणूस निदान बॉटिचेलीइतका तरी प्रसिद्ध असावा, असा दंडक. आमच्या वर्गात बॉटिचेली कुणालाच ठाऊक नव्हता आणि सुईण सगळ्यांना ठाऊक होती, तेव्हा दंडकाचे काय करायचे ते तुम्हीच ठरवा. या प्रकारात नाव धरणाऱ्याने नावाचे पहिले अक्षर सांगायचे. बाकीच्यांनी त्या अक्षराचा दुसराच कोणी माणूस मनात आणून त्याची खूण विचारायची. नाव धरणाऱ्याने तो माणूस ओळखून ‘मी अमुक नव्हे’ असे म्हणायचे. ओळखता आले नाही, तरच समोरच्याला एक ‘होय-नाही’चा प्रश्न मिळतो. म्हणजे इथे प्रश्न विचारायचा हक्कसुद्धा आपल्या माहितीवर कमवावा लागतो.

मी मनात मल्हारराव होळकर धरले आणि अक्षर सांगितले, ‘म’.

‘तुम्ही न्यायमूर्ती होतात का?’

‘नाही, मी महादेव गोविंद रानडे नव्हे.’

‘तुम्ही ज्ञानेश्वरांची बहीण का?’

‘नाही, मी मुक्ताबाई नव्हे.’

मग ती मुलगी उठली. ‘तुम्ही फुल्यांच्या शाळेत शिकत असताना १८५५ साली ज्ञानोदयात निबंध लिहिलात का?’

मी विचारात पडलो. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मला ओळखता येईना. मी हात टेकले तसा वर्गाने एकच गिल्ला केला. ती म्हणाली, ‘मुक्ता साळवे, गुरुजी. मांग-महारांच्या दुःखाबद्दल लिहिलं होतं तिनं.’ तिच्या घरी कुणी तरी जुन्या दिवाळी अंकातून ते वाचून दाखवले होते. तीस वर्षे इतिहास शिकवून मला हे नाव त्या दिवशी कळले.

पुढच्या फेरीला नाव धरायचा मान अर्थातच तिचा. तिने अक्षर दिले, ‘र’. मुलांनी रामदास विचारले, राजारामराजे विचारले, रवींद्रनाथ विचारले. तिने सगळे परतवले. मग तो तक्रार घेऊन आलेला मुलगा उठला आणि म्हणाला, ‘तू आमच्या गावची का?’ त्या अक्षराची आमची सुईण तिच्या ध्यानातच आली नाही. अशा रीतीने पोराने एक प्रश्न कमावला. थोडा वेळ तो गप्प उभा राहिला. मग त्याने विचारले, ‘बाई आहे का?’

‘होय,’ ती म्हणाली.

मनात तिने रखमाबाईंना धरले होते. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून १८८४ पासून चार वर्षे कोर्टात झगडलेल्या, मग लंडनला जाऊन डॉक्टर झालेल्या, सुरत-राजकोटला बायकांचे दवाखाने सांभाळलेल्या आणि १९५५ पर्यंत जगलेल्या रखमाबाई. त्या काही वर्गाला ओळखता आल्या नाहीत. घंटा झाली, तरी कुणी उठेना. सगळ्यांनी तिच्याभोवती कोंडाळे केले, आणि त्या दिवशीचा इतिहासाचा तास तिने घेतला.